आखूड धावपट्टीचे विमान आणि डोंगरउतारावरील कुरणे

खत कितीही उत्तम असले तरी ते जमिनीत पडल्याखेरीज त्याचा उपयोग नाही, ही गोष्ट प्रत्येक शेतकरी जाणतो. सपाट रानात गाडी जाते, बैल जातात, माणूस पाटीतून खत फेकीत जातो. परंतु जेथे उतारावर उभे राहणेही कठीण, अशा विस्तीर्ण डोंगराळ जमिनीला खत द्यावयाचे कसे? विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूझीलंडमधील शेतकऱ्यांपुढे हाच प्रश्न उभा होता. त्याचे उत्तर त्यांना विमानात सापडले. मात्र हे विमान मोठ्या विमानतळावरून उडणारे नव्हते. शेतकऱ्याच्याच डोंगरावर तयार केलेल्या, काही शे मीटर लांबीच्या गवताळ पट्टीवरून उडणारे व तेथेच उतरणारे ते लहानसे विमान होते. अशा विमानाने काय साधले, ते कसे साधले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे उद्बोधक आहे.

उघडे पडलेले डोंगर

न्यूझीलंडच्या उत्तर बेटातील बऱ्याच डोंगरांवर पूर्वी घनदाट अरण्य होते. एकोणिसाव्या शतकात व विसाव्याच्या आरंभी वसाहतकऱ्यांनी ते तोडून जाळले आणि राखेत गवताचे बी पेरून मेंढ्यांसाठी कुरणे तयार केली. राखेतील कस होता तोवर गवत चांगले वाढले. पुढे तो कस संपला. गवत विरळ झाले, नेचे व काटक झुडपे माजली आणि झाडांच्या मुळांचा आधार नाहीसा झालेली माती पावसाबरोबर खाली वाहू लागली. डोंगर दरडी टाकू लागले व खालच्या नद्यांची पात्रे गाळाने भरू लागली. 1938 मध्ये हॉक्स बे भागात आलेल्या महापुराने या धोक्याकडे सर्वांचे लक्ष वेधले आणि 1941 मध्ये त्या देशात मृद्संधारण व नदीनियंत्रणाचा कायदा झाला.

या जमिनींत मुख्यतः स्फुरद व गंधक यांची उणीव होती. सुपरफॉस्फेट या खतातून हे दोन्ही घटक मिळतात. ते दिल्यास क्लोव्हर हे द्विदल चाऱ्याचे पीक जोमाने वाढते, त्याच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्या नत्रावर गवत पोसते आणि दाट गवत माती धरून ठेवते. उपाय माहीत होता, खतही मिळत होते. अडचण होती ती केवळ वाहतुकीची. घोड्यांच्या पाठीवरून गोण्या वर नेऊन हाताने खत फेकण्याने एखादा उतार साधत असे, सबंध डोंगर नव्हे.

प्रथम मोठे विमान, नंतर लहान

1948 मध्ये न्यूझीलंडच्या वायुदलाने ॲव्हेंजर जातीच्या लढाऊ विमानांतून खत टाकण्याचे प्रयोग केले. आकाशातून टाकलेले खत जमिनीवर पुरेसे सारखे पसरते, असे त्यांवरून दिसून आले. परंतु ॲव्हेंजर हे जड विमान. त्यास पक्का व लांब विमानतळ हवा. विमानतळ दूर आणि डोंगर दूर, म्हणजे प्रत्येक खेपेस जाण्यायेण्यातच वेळ व इंधन खर्ची पडणार. खत स्वस्तात पडावयाचे असेल तर विमानाने शेताशेजारूनच उडाले पाहिजे, ही गोष्ट येथे स्पष्ट झाली.

1949 मध्ये खाजगी वैमानिकांनी हे काम हाती घेतले. दुसऱ्या महायुद्धात शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलेली टायगर मॉथ ही दुहेरी पंखांची हलकी विमाने त्या वेळी स्वस्तात मिळत होती. त्यांतील पुढील आसन काढून त्या जागी खताची पेटी बसविण्यात आली. या विमानांचे इंजिन सुमारे 130 अश्वशक्तीचे व एका खेपेचे वजन जेमतेम दोनशे किलोच्या आसपास. तरीही ती कुरणातून उडू शकत होती, हाच त्यांचा मोठा गुण ठरला.

पुढे या कामासाठीच योजलेले विमान आले. अमेरिकेतील जॉन थॉर्प यांनी आराखडा केलेले फ्लेचर एफयू-24 हे विमान 1954 मध्ये प्रथम उडाले. कॅलिफोर्नियात तयार झालेले त्याचे भाग न्यूझीलंडमधील हॅमिल्टन येथे जोडले जात, आणि 1964 मध्ये हक्क विकत घेतल्यानंतर त्याची संपूर्ण बांधणीच हॅमिल्टनला होऊ लागली. संपूर्ण धातूची बांधणी, पुढे बसणाऱ्या वैमानिकास खालची जमीन नीट दिसेल अशी रचना आणि त्याच्या पाठीमागे खताची पेटी, असे त्याचे स्वरूप होते. त्याच्या 400 अश्वशक्तीच्या नंतरच्या नमुन्यात सुमारे एक टन खत मावे आणि सपाट जागी सुमारे अडीचशे मीटरांच्या धावेत ते जमीन सोडी. हेक्टरी अडीचशे किलो खत द्यावयाचे धरल्यास अशा एका खेपेत चार हेक्टरांचे काम होते.

आखूड धावेचे रहस्य

विमानाच्या पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहिली म्हणजेच ते वर उचलले जाते. हा वेग येईपर्यंत विमानास जमिनीवर धावावे लागते. म्हणून धाव आखूड करावयाची तर कमी वेगातच उचलले जाणारे विमान बांधले पाहिजे. येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जोर तोच ठेवून उड्डाणाचा आवश्यक वेग निम्म्यावर आणला, तर धाव निम्मी नव्हे, चौथाईवर येते. वेगातील थोडी बचतही जागेची मोठी बचत करते.

यासाठी तीन गोष्टी केल्या जातात. पहिली, वजनाच्या मानाने पंखांचे क्षेत्रफळ मोठे ठेवणे. दुसरी, पंखांच्या मागील कडेस हलती पाती बसविणे. ती खाली वळविली की पंखाचा बाक वाढतो व कमी वेगातही विमान तरते. तिसरी, लवकर वेग देणारे जोरदार इंजिन बसविणे.

चौथी मदत डोंगर स्वतः करतो. या धावपट्ट्या बहुधा उतरत्या असतात. विमान उताराच्या दिशेने धावत सुटते आणि परत येताना चढावर उतरते. दहा मीटरांस एक मीटर उतार असला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाने विमानाचा वेग दर सेकंदास सुमारे साडेतीन किलोमीटर ताशी इतका वाढत जातो. उतरताना हाच चढ विमानास रोखतो. टेकडीच्या पाठीवरून सुटलेल्या विमानाखाली लगेच दरी असल्याने त्यास वेग वाढविण्यास मोकळी हवाही मिळते. परंतु अशा पट्टीवर चूक सुधारण्यास जागा राहत नाही. चढावर उतरू लागलेल्या विमानास पुन्हा वर उचलणे बहुधा शक्य नसते.

जमिनीवरील माणसाची जबाबदारी

विमान चांगले म्हणून काम सुरक्षित होत नाही. या कामात अनेक वैमानिकांनी प्राण गमावले आहेत. पट्टीवरील गवत उंच वा ओले असले, जमीन मऊ असली, वारा पाठीमागून असला, हवा उष्ण व विरळ असली, तर धाव वाढते. कालपर्यंत पुरलेली पट्टी आज अपुरी पडू शकते. म्हणून अशा वेळी पेटी पूर्ण न भरता कमी वजन घेणे, हाच शहाणपणा होय.

आणखी एक बाब खताची. विमान उचलले जात नाही असे दिसताच सारे खत एकदम खाली सोडून देण्याची सोय वैमानिकाच्या हाताशी असते. तोच त्याचा अखेरचा आधार. परंतु खत ओलसर होऊन त्याचे ढेकूळ झाले असेल, तर पेटीचे दार उघडूनही ते खाली पडत नाही. यास्तव धावपट्टीजवळचे खतकोठार कोरडे ठेवणे, छपराची गळती वेळीच बंद करणे, पट्टीवर जनावरे येऊ न देणे व तारेचे कुंपण वा विजेची तार वाटेत असल्यास ते आधी सांगणे, ही कामे साधी दिसली तरी त्यांवर माणसाचा जीव अवलंबून असतो. ती करणारा मनुष्य विमानात बसत नाही, तो शेतकरी असतो.

विमानाने न सुटलेला प्रश्न

या पद्धतीने असंख्य उतार हिरवे झाले आणि मेंढ्यांची संख्या वाढली. तथापि प्रत्येक डोंगर गवताने सावरला, असे नाही. मार्च 1988 मध्ये बोला नावाचे चक्रीवादळ उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर आले. अतिवृष्टीने तेथील तीव्र उतारावरील कुरणे मोठ्या प्रमाणावर घसरली. जेथे वाढलेले अरण्य होते तेथे हानी पुष्कळ कमी झाली. गवताची मुळे उथळ असतात. मऊ खडकावरील फार उभ्या उतारास खोल मुळांची झाडेच धरू शकतात, हा धडा त्या वादळाने दिला आणि तेथे पुन्हा वृक्षलागवड सुरू झाली. त्याचप्रमाणे ओढ्याच्या पात्रात पडलेले खत पिकास न मिळता पाणी बिघडविते. म्हणून ओढ्यांच्या काठचे पट्टे वगळून खत टाकावे लागते.

पुढे 1979 मध्ये फ्लेचरवरूनच तयार केलेले, टर्बाइन इंजिनाचे क्रेस्को विमान उडाले. त्याहून पुढे उपग्रहांच्या साहाय्याने नेमक्या जागी खत टाकण्याची सोय झाली. साधने सुधारली, परंतु मूळ नियम बदलला नाही. आखूड धावपट्टीच्या विमानाने दुर्गम जमिनीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला केला. तेथे काय न्यावे आणि कोठे काहीच न नेता झाडे लावावीत, हे मात्र विमान सांगू शकत नाही. ते माती तपासून, उतार पाहून आणि पाण्याची वाट ओळखून माणसालाच ठरवावे लागते.

शेतावर येणाऱ्या प्रत्येक नव्या साधनास हा नियम लागू आहे. साधन आणण्यापूर्वी जमिनीस काय हवे हे विचारावे, साधन चालविणाऱ्याच्या सुरक्षिततेची तयारी आधी करावी आणि जेथे साधनाचा उपयोग नाही तेथे ते न वापरण्याचा निर्णयही निःशंकपणे घ्यावा. ग्रामसेवकाने शेतकऱ्यास द्यावयाच्या सल्ल्याचा आरंभ येथूनच झाला पाहिजे.