इंग्रजीचे सर : नांदेड-लातूरच्या प्राध्यापकांच्या चार पिढ्या

नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू इंग्रजीचे प्राध्यापक होते. 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे कुलगुरू म्हणून आले आणि 1999 पर्यंत त्यांनी त्या माळरानावर विद्यापीठ उभे केले. त्याआधी लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे ते संस्थापक प्राचार्य होते. पुढे ते लातूरचे नगराध्यक्ष झाले आणि 2008 ते 2014 या काळात राज्यसभेत बसले. एवढा पसारा मांडलेल्या माणसाचे मूळ काम वर्गात उभे राहून इंग्रजी कविता शिकवणे हे होते. त्यांची ग्रंथसंपदा पाहिली तर मात्र बहुतेक मराठी आहे. ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा अभ्यासग्रंथ आणि ‘मूठभर माती’ हे आत्मचरित्र ही त्यातली दोन टोके.

हे उदाहरण अपवाद वाटेल, पण नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीचा इतिहास चाळला की याच घडणीची माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. पोटापाण्याला इंग्रजी शिकवायची, रात्री मराठीत लिहायचे आणि उरलेल्या वेळात शाळा, कॉलेज, चळवळ किंवा नाटक यांत गुंतायचे. मराठवाड्यातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने इंग्रजी ही केवळ नोकरीची भाषा कधीच मानली नाही. जगात आपल्यासारखे आणखी कोण आहेत, याचा शोध त्याने या भाषेतून घेतला.

या शोधाची सुरुवात निजामाच्या राज्यात झाली. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला गेला. त्यामुळे नांदेड किंवा उस्मानाबादकडच्या ज्या मोजक्या मुलांना पदवीपर्यंत जाता आले, त्यांच्या घरात मराठी, वर्गात उर्दू आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी होती. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला इंग्रजी थेट मराठीतून भेटत होती. इकडच्या विद्यार्थ्याची तिच्याशी भेट तिसऱ्या घरी झाली. ज्यांच्या नावाने विद्यापीठ आहे ते स्वामी रामानंद तीर्थही आधी शिक्षकच होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले. हैदराबाद मुक्तिलढ्याच्या आठवणी त्यांनी लिहिल्या त्या इंग्रजीत. ही कथा मराठी, तेलुगू आणि कानडी अशा तिन्ही प्रदेशांची होती.

निजामाचे राज्य संपवणाऱ्या 1948 च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर कॉलेजे निघू लागली. नांदेडला 1950 साली पीपल्स कॉलेज सुरू झाले, लातूरला 1961 मध्ये दयानंद, नांदेडला 1963 मध्ये यशवंत महाविद्यालय आणि 1970 मध्ये लातूरचे शाहू. इंग्रजी शिकवायला एम. ए. झालेली माणसे इकडे फारशी नव्हती, म्हणून ती बाहेरून आली. त्यांच्यापैकी के. रं. शिरवाडकर यांनी पीपल्स कॉलेजात इंग्रजी शिकवले. कुसुमाग्रजांचे धाकटे बंधू ही त्यांची ओळख लोक आधी सांगत, पण त्यांचे स्वतःचे काम मोठे आहे. ‘मार्क्सवादी साहित्यविचार’ आणि ‘आपले विचारविश्व’ ही त्यांची पुस्तके आजही संदर्भासाठी उघडली जातात. थोरल्या भावाने ‘ऑथेल्लो’ आणि ‘मॅकबेथ’ मराठी रंगभूमीवर आणले, धाकट्याने शेक्सपिअरचे जीवन आणि साहित्य मराठी वाचकाला उलगडून सांगितले. याच कॉलेजात मराठी विभागात विचारवंत नरहर कुरुंदकर होते. गोदावरीकाठच्या त्या गावात तेव्हा पुस्तकांची दुकाने फारशी नव्हती, पण मार्क्स, मनुस्मृती आणि शेक्सपिअर यांच्यावर एकाच आवारात बोलता येत होते. कुरुंदकरांवर भरपूर लिहिले गेले. इंग्रजी विभागाच्या वाट्याला तेवढी शाई आली नाही, आणि ही उणीव खटकते.

दुसरा झरा औरंगाबादचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये तिथे जे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढचे मिलिंद. नांदेड-लातूरकडची कितीतरी मुले वसतिगृहाच्या आधाराने तिथे शिकली. डॉ. म. ना. वानखेडे तिथे इंग्रजीचे प्राध्यापक आणि प्राचार्य होते. अमेरिकेत जाऊन त्यांनी वॉल्ट व्हिटमनवर डॉक्टरेट केली. पण परत येताना त्यांनी सोबत आणले ते कृष्णवर्णीय लेखकांच्या लढाऊ साहित्याचे भान. इथल्या अस्पृश्याने आपले जगणे लिहिले पाहिजे आणि त्या लेखनाला कोणाची परवानगी मागायची गरज नाही, हे त्यांनी विद्यार्थ्यांना ठासून सांगितले. ‘दलितांचे विद्रोही वाङ्मय’ हे त्यांच्या लेखांचे पुस्तक त्याची साक्ष देते. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच वातावरणात वाढले. वाघमारे यांचा अमेरिकन निग्रो साहित्यावरचा ग्रंथ 1978 चा. त्याच वर्षी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा खून झाला. मिसिसिपीतल्या वर्णद्वेषाविषयी मराठीत लिहिणारा प्राध्यापक आणि त्याच्या आसपास पेटलेली गावे, असे ते वर्ष होते. म्हणून या पुस्तकाकडे केवळ परदेशी साहित्याची ओळख म्हणून पाहता येत नाही.

अभ्यासविषय माणूस आपल्या जगण्यातून निवडतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे सहज मिळणार नाही. त्या काळी मोठ्या शहरांतले इंग्रजी विभाग रोमँटिक कवी आणि एलियट यांच्यात रमले होते. मराठवाड्यातले काही प्राध्यापक त्याच वेळी रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन वाचत होते.

भालचंद्र नेमाडे हे नाव या आढाव्यात घ्यावेच लागते. सत्तरच्या दशकात आणि पुढेही काही वर्षे ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. त्या काळी नांदेड आणि लातूरची कॉलेजेही याच विद्यापीठाला जोडलेली होती. ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हाही इंग्रजीचाच प्राध्यापक. छोट्या गावांतली कॉलेजे, संस्थाचालकांची मर्जी, भाड्याच्या खोल्या आणि इंग्रजीला घाबरलेली मुले हे सगळे त्यात आहे. तालुक्याच्या कॉलेजात नोकरी केलेला प्राध्यापक ही पुस्तके वाचताना जागोजागी थांबतो, कारण स्टाफरूम त्याच्या ओळखीची असते. इंग्रजी शिकवत देशीपणाचा आग्रह धरणाऱ्या नेमाड्यांशी अनेकांचे कडाक्याचे मतभेद आहेत. तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल : इंग्रजीच्या प्राध्यापकाने मराठीला काय द्यायचे, हा प्रश्न त्यांनी एका पूर्ण पिढीच्या मानेवर बसवला.

आजची पिढी वेगळ्या घरांतून आली आहे. पहिल्या पिढीतले बाहेरगावाहून आले होते, आताचे इथल्याच मातीतले. कोणाचे वडील कोरडवाहू शेतकरी, कोणाची आई ऊसतोडीला जाणारी, कोणी तांड्यावरचा, कोणी घरात पहिल्यांदा दहावी पास झालेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेली ही माणसे आज एम. ए.च्या वर्गाला शेक्सपिअर शिकवतात. (पहिलीपासून इंग्रजी राज्यात आली ती 2000 साली, म्हणजे त्यांच्यातल्या बहुतेकांची शाळा सुटल्यावर.) नेट किंवा सेट, मग पीएच.डी., आणि या सगळ्यात तिशी ओलांडते.

त्यांच्या भाषांचा मात्र हेवा वाटावा. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या माणसाला तेलुगू कानावर असते. उदगीर, देवणी, निलंग्याच्या सीमेपलीकडे बीदर आहे, तिकडे कानडी सहज येते. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, तांड्यावर गोरमाटी, नांदेडच्या जुन्या गल्ल्यांत दखनी, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी. घरी गोरमाटी, मित्रांशी मराठी, बाजारात दखनी आणि वर्गात इंग्रजी बोलणारा प्राध्यापक या भागात नवलाचा नाही. भाषाविज्ञानाच्या तासाला भाषासंपर्क, बोली आणि मिश्रण हे विषय शिकवताना त्याला परदेशी पुस्तकातले उदाहरण शोधावे लागत नाही, ते समोरच्या बाकावर बसलेले असते. हैदराबादची ओढही टिकून आहे. नांदेडचा रेल्वे विभागच दक्षिण मध्य रेल्वेत मोडतो. 1958 साली हैदराबादला सुरू झालेली इंग्रजीची केंद्रीय संस्था, म्हणजे आजचे इंग्रजी आणि परदेशी भाषा विद्यापीठ, इथल्या शिक्षकाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळची.

विद्यापीठाच्या रचनेचाही यात वाटा आहे. विष्णुपुरीच्या परिसरात स्वतंत्र विभागांऐवजी संकुले आहेत आणि मराठी व इंग्रजी दोन्ही भाषा, वाङ्मय व संस्कृती अभ्यास संकुलात एका छताखाली नांदतात. डॉ. शैलजा वाडीकर यांनी विजय तेंडुलकरांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. डॉ. दिलीप चव्हाण यांचा ‘लँग्वेज पॉलिटिक्स अंडर कलोनिअलिझम’ हा 2013 चा ग्रंथ वसाहतकाळातल्या पश्चिम भारतात इंग्रजी कोणत्या जातींच्या आणि वर्गांच्या हाती कशी गेली, याचा मागोवा घेतो. ते मराठीतूनही जातिप्रश्नावर सातत्याने लिहितात. वानखेडे-वाघमारे यांच्यापासून आलेली वाट इथे पुढे सरकलेली दिसते. आधीच्यांनी अमेरिकेकडे पाहून आपली ओळख शोधली. आता इंग्रजी भाषा या देशात कोणामार्फत आली, हेच तपासले जात आहे.

लातूरची परिस्थिती वेगळी आणि जास्त चिंतेची. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने गावाचे नाव देशभर नेले. पण वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र आहे, इंग्रजी नाही. त्यामुळे क्लासेसच्या गल्लीत फलकावर मोठा फोटो असतो तो फिजिक्सच्या किंवा बायोलॉजीच्या सरांचा. बारावीला इंग्रजी सक्तीची असूनही ती फक्त पास होण्यापुरती उरते, आणि त्यासाठी अपेक्षित प्रश्नसंच पुरतो. पुढे हाच मुलगा मेडिकलच्या पहिल्या वर्षी जाड इंग्रजी ग्रंथासमोर बसतो, तेव्हा अकरावीतल्या इंग्रजीच्या सरांची किंमत कळते. कला शाखेत ‘कंपल्सरी इंग्लिश’चा वर्ग भरलेला आणि ‘ऑप्शनल इंग्लिश’ला मोजकी मुले, हे चित्र तर तालुक्याच्या बहुतेक कॉलेजांत दिसते. ती मोजकी मुलेच पुढे प्राध्यापक होतात.

त्यातले कितीतरी तासिका तत्त्वावर आहेत. वर्षातले काही महिने तासाला ठरावीक मानधन, सुट्टीत काहीच नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. डॉक्टरेट घेतलेला माणूस दोन-तीन कॉलेजांत तास घेतो, मधल्या वेळात दुचाकीवर तीस-चाळीस किलोमीटर कापतो. ज्यांना कायम नोकरी आहे त्यांना बढतीसाठी शोधनिबंधांचे गुण जमवावे लागतात. हा हिशेब घाईच्या लेखनाला उत्तेजन देतो आणि पाच वर्षे एका कादंबरीच्या अनुवादात घालवणाऱ्याला मागे ठेवतो. विद्वत्तेचे याहून मोठे नुकसान नाही.

अनुवादाचेच पाहू. लातूर जिल्ह्यात वाढलेल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला 1988 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ‘द ब्रँडेड’ या नावाने ते इंग्रजीत आले. अनुवादक पी. ए. कोल्हारकर. नांदेडच्या दत्ता भगतांचे ‘वाटा पळवाटा’ हे नाटक इंग्रजीत नेले ते हैदराबादच्या त्याच इंग्रजी संस्थेत शिकवणाऱ्या माया पंडित यांनी. 2001 मध्ये ते अमेरिकेत निघालेल्या भारतीय नाटकांच्या संग्रहात आले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ संतोष भूमकर यांच्या अनुवादातून 2003 साली जगापुढे गेले. अनुवाद उत्तम झाले आणि जगभरच्या वर्गांत पोचले. पण अजून कितीतरी बाकी आहे. परभणीचे बी. रघुनाथ, कुरुंदकरांचे निबंध, तांड्यांवरची गाणी, कोलामांच्या कथा, मुक्तिसंग्रामातल्या सामान्य माणसांच्या आठवणी. लातूरच्या दयानंद महाविद्यालयात हिंदी शिकवलेले सूर्यनारायण रणसुभे यांनी मराठीतले दलित साहित्य हिंदीत नेण्यात हयात घालवली. इंग्रजीसाठी तेवढ्या निष्ठेने बसणारी माणसे इथे आहेत, कारण गोरमाटी, तेलुगू आणि मराठी तिन्ही येणारा इंग्रजीचा प्राध्यापक पुण्यात मिळत नाही, किनवटला मिळतो.

त्याला पगाराची खात्री हवी आणि त्याच्या अनुवादाला शोधनिबंधाइतके गुण मिळायला हवेत. पहिली गोष्ट शासनाने करायची, दुसरी विद्यापीठाने अभ्यासमंडळापासून सुरू करून पुढे रेटायची. वाचकांनीही एक काम हाती घ्यावे. पीपल्स, यशवंत, दयानंद, शाहू, उदगीरचे उदयगिरी, कंधार, अहमदपूर, देगलूर यांपैकी कुठेही ज्यांनी इंग्रजीचे तास केले असतील, त्यांनी आपल्या सरांविषयी आणि मॅडमविषयी दोन पाने लिहून काढावीत : ते कुठून आले, घरी कोणती भाषा बोलत, वर्गाबाहेर काय वाचत. कॉलेजच्या वार्षिकांकाकडे किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे ती पाने पाठवावीत. पहिल्या पिढीतले प्राध्यापक आता फार थोडे उरले आहेत, त्यामुळे हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.