डोळा पांढरा पडला? ड्रॉप टाकण्याआधी डोळ्याचा दाब मोजून घ्या



पावसाळा आला की आरे, जोगेश्वरी, मुलुंडकडच्या तबेल्यांतून एकाच प्रकारचे फोटो येतात. म्हशीचा एक डोळा गळतोय, अर्धा मिटलाय, बुबुळावर निळसर-पांढरं आलंय. वरातीची घोडी ठेवणाऱ्यांचेही असेच फोटो असतात. खाली प्रश्न ठरलेला: "फूल पडलंय, कोणता ड्रॉप टाकू?"

फोटोवरून ड्रॉप सांगता येत नाही. मी शेतीवाला माणूस, जनावरांचा डॉक्टर नाही. पण डॉक्टरसुद्धा फोटोवरून सांगणार नाहीत, आणि त्याचं कारण आज सांगतो.

*बाहेरून सारखं दिसतं, आत वेगळं असतं*

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बारीक वाटेने बाहेर जातं. या येण्या-जाण्यावर डोळ्याचा दाब ठरतो. बीपीसारखाच हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. निरोगी घोड्याचा आणि गायीचा आकडा साधारण 15 ते 30 च्या दरम्यान येतो. यंत्र बदललं की आकडा थोडा इकडे-तिकडे होतो. म्हणून डॉक्टर दोन्ही डोळे मोजतात आणि चांगल्या डोळ्याशी तुलना करतात.

आता बघा. डोळ्याच्या *आत सूज* आली तर पाणी कमी तयार होतं आणि दाब *उतरतो*. पाणी बाहेर जायची वाट बुजली तर दाब *चढतो*, यालाच आपण काचबिंदू म्हणतो. तिसरा प्रकार म्हणजे बुबुळावर *जखम*: गवताची काडी लागून, शिंग लागून, किंवा माश्यांमुळे पसरणारी डोळ्याची साथ येऊन. तिन्हीत डोळा गळतो, मिटतो, पांढरट दिसतो. औषधं मात्र वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं.

गायी-म्हशींत जखम आणि साथ जास्त दिसते, काचबिंदू कमी. पण जखम खोल गेली, आतला पडदा बुबुळाला चिकटला, की पाण्याची वाट बंद होते आणि डोळा फुगायला लागतो. घोड्याची गोष्ट वेगळी. त्याला आतली सूज पुन्हा पुन्हा येते आणि काचबिंदू बहुतेक वेळा त्या सुजेमागूनच येतो. लेप्टोचे जंतू हे या सुजेचं एक कारण आहे. साचलेलं पाणी आणि उंदरांची लघवी आपल्याकडे पावसाळ्यात किती असते ते सांगायला नको.

*बोटाने दाबून कळत नाही*

पापणीवरून बोटाने दाबून "कडक लागतोय" म्हणणारे पुष्कळ भेटतात. फारच फुगलेला डोळा असेल तर कळेलही, पण 20 आणि 35 मधला फरक बोटाला लागत नाही. आणि आत खोल जखम असेल तर त्या दाबाने डोळा फुटू शकतो. हे करू नका.

डॉक्टरांकडे त्यासाठी हातात मावणारं यंत्र असतं. एका प्रकारात टोकाला बारीक गोळी असलेली सुई बुबुळावर हलकेच आपटून परत येते आणि तिच्या परतण्याच्या वेगावरून दाब कळतो. याला बधिर करायचा थेंब लागत नाही. दुसरं पेनासारखं यंत्र बुबुळाला टेकवावं लागतं, त्याला आधी थेंब लागतो. माणसांच्या डोळ्यांसाठी पूर्वी वापरायचे ते वजनाचं यंत्र उभ्या म्हशीला चालत नाही, कारण त्याला डोळा वर आकाशाकडे लागतो.

*आकडा बरोबर येणं तुमच्या हातात*

मोजायला दोन मिनिटं लागतात. पण जनावर चुकीचं धरलं की आकडा खोटा येतो.

👉 *मान खाली नको.* घोड्याचं डोकं छातीच्या खाली गेलं तर दाब सरासरी 8 मिलिमीटरच्या आसपास वाढतो, असं मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे 25 चा डोळा 33 दाखवेल आणि काचबिंदू नसताना काचबिंदू ठरेल. तबेल्यात दावं आखूड असतं, जनावर गव्हाणीकडे वाकलेलं असतं. डॉक्टर यायच्या आधी ते सोडून, डोकं वर राहील असं धरा.

👉 *गळ्यातलं दावं आवळू नका.* मानेची शीर दाबली की डोळ्याचा दाब चढतो. म्होरकी घाला, तीच धरा. गोठ्यात खोडा असेल तर उत्तम.

👉 पापणी उघडताना बोटं हाडावर ठेवा, डोळ्यावर नको. घोडा पापणी इतकी जोरात मिटतो की डॉक्टर कधी कधी पापणीची नस सुन्न करतात. घाबरू नका, ते तात्पुरतं असतं.

👉 शांत करायचं इंजेक्शन आधी दिलं असेल तर *सांगा*. झायलाझिनने दाब उतरतो, शिवाय मानही खाली जाते.

दाबाबरोबर डॉक्टर डोळ्यात एक पिवळसर रंग टाकतात. जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो. ही तपासणी झाल्याशिवाय पुढचं ठरवू नये.

*घरातला जुना ड्रॉप*

मेडिकलमधून आणलेल्या बाटलीवर *डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन* असं काही लिहिलंय का वाचा. हे स्टेरॉइड. आतल्या सुजेवर डॉक्टर हेच देतात, पण बुबुळावर जखम असताना टाकलं तर जखम वितळत जाते आणि डोळा जातो. *अॅट्रोपिन* सुजेत उपयोगी, पण दाब चढलेला असेल तर धोक्याचं. घोड्यात त्याने आतडी मंदावून पोटदुखीही होते. आणि तंबाखूची पिंक, मिठाची भुकटी, साखर, यातलं काहीही डोळ्यात नको. तोपर्यंत उकळून गार केलेल्या पाण्याने बाहेरची घाण पुसा, जनावर सावलीत वेगळं बांधा, त्याचं फडकं दुसऱ्याला वापरू नका.

डोळा बंद ठेवतंय किंवा पांढरट झालाय, तर *त्याच दिवशी* डॉक्टर बोलवा. पशुसंवर्धनाचा टोल-फ्री नंबर 1962 आहे. घोडी किंवा वासरू गाडीत घालून नेता येत असेल तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 पासूनचं. कुठेही जाण्याआधी फोनवर एवढं विचारा, "मोठ्या जनावराच्या डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र आहे का?" दुभत्या जनावराला औषध सुरू झालं तर दूध किती दिवस बाजूला ठेवायचं तेही विचारून लिहून ठेवा.

डॉक्टरांना पाठवायला फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. *दोन्ही डोळ्यांचे* समोरून एक-एक आणि बाजूने एक-एक फोटो काढा. सोबत लिहा: कधीपासून आहे, आतापर्यंत काय टाकलं, बाटलीचा फोटो. बाटली फेकून दिली असेल तरी नाव आठवून सांगा.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी