लष्करी छावण्यांतील परवाने आणि स्त्रियांचा क्रयविक्रय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील छावण्यांसंबंधींच्या लिखाणांत 'चकला', 'लाल बाजार', 'महालदारीण' हे शब्द आढळतात. असे कागद संग्राहकांच्या हातीं आल्यास आरोग्यखात्याचे किरकोळ कागद म्हणून ते टाकून दिले जाण्याचा संभव आहे. त्यांचें महत्त्व काय, हें येथें थोडक्यांत सांगतों.

१८६४ चा छावणी कायदा व १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनीं वेश्यांची नोंदणी व वैद्यकीय तपासणी सुरू केली. गोऱ्या शिपायांस रोगांपासून वांचविणें हा उद्देश होता. नोंदणी म्हणजे चालू धंद्याची केवळ मोजदाद, असें दिसे. परंतु मोजणाऱ्यास संख्या अपुरी वाटली कीं, ती भरून काढण्याचा प्रश्न येतोच. सरसेनापति रॉबर्ट्स यांच्या अमदानींतील १७ जून १८८६ चें परिपत्रक याची साक्ष देतें. पलटणींच्या बाजारांत स्त्रिया पुरेशा असाव्या, त्या पुरेशा आकर्षक असाव्या व त्यांस योग्य घरें मिळावीं, असें त्यांत सुचविलें होतें. ह्या स्त्रिया आणावयाच्या कोणीं? तें काम महालदारणीकडे येई.

१८६० च्या दंडसंहितेची ३७२ व ३७३ हीं कलमें अल्पवयीन मुलींच्या वेश्यावृत्तीसाठीं होणाऱ्या क्रयविक्रयास शिक्षा सांगत असत. म्हणजे जें एका कायद्यानें निषिद्ध, त्यासच दुसऱ्या व्यवस्थेनें गिऱ्हाईक मिळालें!

१८८८ त ब्रिटिश पार्लमेंटनें या पद्धतीचा निषेध केला. तरीहि १८९१-९२ च्या हिंवाळ्यांत बुशनेल व अँड्र्यू ह्या अमेरिकन स्त्रियांस लखनौ, मीरत, पेशावर इत्यादि छावण्यांत ती चालू आढळली. १८९३ च्या चौकशीसमितीपुढें त्यांनीं साक्ष दिली. रॉबर्ट्स यांसहि त्यांची जाहीर क्षमा मागावी लागली. पुढें १९२७ त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनींहि परवानेदार कुंटणखान्यांमुळें स्त्रियांच्या व्यापारास उत्तेजन मिळतें, असाच निष्कर्ष काढला.

नोंदवहींत नांव असलेली प्रत्येक स्त्री विकत आणलेली होती, असें मात्र अनुमान काढूं नये. नोंदवही तिची प्रकृति सांगते. ती कोठून व कोणाकरवीं आली, हें सांगत नाहीं. तें कळण्यास फौजदारी खटल्यांचे कागद, बाजाराचे हिशेब व महालदारणींस दिलेल्या रकमांच्या नोंदी पाहिजेत. म्हणून असे कागद एकत्र राखावे, अशी संग्राहकांस आमची विनंती आहे.