नागपूर करारात ‘हिवाळी’ हा शब्दच नाही

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना दोन-तीन गोष्टी राहून गेल्या होत्या, त्याही इथे भरल्यात.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पोरगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, क्लास सीताबर्डीच्या बाजूला. डिसेंबरात सगळीकडे बॅरिकेड, बस भलतीकडून वळवलेली, रोज अर्धा तास उशीर. त्याचा प्रश्न होता, “भाऊ, आठवडाभर अख्खं मंत्रालय इकडे येते न् परत जाते. आम्हाले काय भेटते?”

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी १९५३ सालात जावं लागतं.

तेव्हा नागपूर ही राजधानी होती. महाराष्ट्राची नव्हे, जुन्या मध्य प्रदेशाची. विधानसभा इथे, सचिवालय इथे, हायकोर्ट इथे. मराठी भाषकांचं एक राज्य व्हावं ही मागणी जोर धरत होती आणि त्या राज्याची राजधानी मुंबई असणार हे उघड होतं. म्हणजे नागपूरकरांनी एकीकरणाला हो म्हणायचं तर स्वतःच्या हाताने राजधानी सोडायची. फुकट कोण सोडेल? म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला एक करार झाला. एका बाजूला यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, दुसऱ्या बाजूला विदर्भातले गोपाळराव खेडकर, रामराव देशमुख वगैरे नेते. हाच नागपूर करार. अकरा कलमांचा छोटासा कागद आहे. मी तर म्हणतो, एकदा स्वतः वाचा, चहा संपायच्या आत वाचून होतो.

त्यात ठळक वचनं अशी: विकासाचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्या आणि तंत्रशिक्षणाच्या जागाही त्याच प्रमाणात, हायकोर्टाचं कामकाज नागपुरातही, मराठवाड्याकडे खास लक्ष. आणि शेवटी ते आपल्या ओळखीचं वचन, की सरकार दरवर्षी ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे होईल.

आता नीट बघा. ‘सरकार हलेल’ हे वेगळं आणि ‘अधिवेशन होईल’ हे वेगळं. आणि ‘हिवाळी’ हा शब्द कुठेच नाही! थंडीत मुंबईकरांना नागपूर बरं वाटतं, म्हणून ती प्रथा पडली असावी असा माझा अंदाज. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन इथे घेऊन पाहिलं, तर ६ जुलैला एवढा पाऊस कोसळला की विधानभवनाच्या वीजयंत्रणेत पाणी शिरलं, दिवे गेले आणि सभागृहाचं कामकाजच थांबलं. पुढच्या वेळी गाडी मुकाट्याने डिसेंबरवर आली.

बरं, ‘ठरावीक काळ’ म्हणजे किती? करारात आकडा नाही, आणि गोम इथेच आहे. २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस. त्या सहा दिवसांत साधारण ३५,७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी मागण्या म्हणजे मार्चच्या अर्थसंकल्पात न धरलेला किंवा कमी पडलेला खर्च, जो सरकार वर्षाच्या मध्ये सभागृहाकडून मंजूर करून घेतं. त्यावरची चर्चा, प्रश्नोत्तरं, लक्षवेधी, विधेयकं, सगळं त्याच सहा दिवसांत बसवायचं.

त्या वर्षीची खरी गंमत पुढेच आहे. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली आणि त्यांना खाती मिळाली २१ तारखेला रात्री, म्हणजे अधिवेशन आटोपल्यावर. अधिवेशनभर मंत्री होते, पण कुठल्या खात्याचे ते त्यांनाही माहीत नव्हतं. आमदाराने सिंचनावर प्रश्न विचारायचा तर उत्तराला बांधील कोण? तीन पक्षांची युती सांभाळताना खातेवाटप लांबवणं ही पक्षांची सोय असते, ते मी समजू शकतो. पण ती सोय कुणाच्या वेळेतून काढली ते आपण लक्षात ठेवायला हवं.

आता पैशाकडे वळू, कारण कराराचा गाभा तोच होता.

करार हा कायदा नाही, नेत्यांमधला समझोता आहे. त्याला घटनेत आधार मिळाला तो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, कलम ३७१(२) मधून. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, आणि निधीचं समन्यायी वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी. ऐकायला छान. पण करारात होतं ‘लोकसंख्येच्या प्रमाणात’, तर घटनेत आलं ‘समन्यायी’, आणि तेही ‘संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून’. लोकसंख्या मोजता येते. समन्यायी म्हणजे किती, हे कोण ठरवणार? तिथेच मोजपट्टी हातातून निसटली.

आणि मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. दुरुस्तीनंतर जवळपास अडतीस वर्षं!

मधल्या काळात १९८४ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने रस्ते, सिंचन, शाळा, वीज असं एकेक क्षेत्र घेऊन कोण किती मागे आहे ते मोजलं. आपण ‘अनुशेष’ हा शब्द येताजाता वापरतो, त्याचा हिशेब तिथला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी, त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे ३९ टक्के. पण उर्वरित महाराष्ट्राचा वाटाही ३७ टक्क्यांच्या आसपास होता, हे नागपूरच्या सभांमध्ये कुणी सांगत नाही. कोकणातले, दुष्काळी पट्ट्यातले तालुके मागेच होते. २०११ मध्ये विजय केळकर यांची समिती नेमली, अहवाल २०१३ ला तयार झाला आणि तो विधिमंडळात मांडायला डिसेंबर २०१४ उजाडला, नागपुरातच. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मंडळ कागदावर असणं आणि त्याच्याकडे आकडे मागायची ताकद असणं, यात फरक आहे एवढंच म्हणतो.

मग पक्ष काय करतात? इथे माझं मत सरळ आहे: विदर्भ राज्याची मागणी विरोधात असताना वाजवायची असते.

१९६२ मध्ये बापूजी अणे विदर्भाच्या प्रश्नावर नागपुरातून लोकसभेवर गेले. १९७१ ला जांबुवंतराव धोटे गेले. म्हणजे या मुद्द्यावर मतं मिळत होती. राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारसही केली होती. ती बाजूला पडली. पुढे भाजपने १९९७ ला भुवनेश्वरला विदर्भाच्या बाजूने ठराव केला. २००० मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखालच्या सरकारने छत्तीसगड, उत्तरांचल, झारखंड ही तीन राज्यं केली, विदर्भ राहिला. मित्रपक्ष शिवसेनेचा ठाम विरोध होता. २०१४ ला सेनेशिवाय लढून भाजपने विदर्भातल्या ६२ पैकी ४४ जागा जिंकल्या आणि मुख्यमंत्री नागपूरचा झाला. पण मुख्यमंत्री अख्ख्या महाराष्ट्राचा, तो राज्य तोडायची भाषा कशी करणार? मार्च २०१६ मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना या विषयावरच्या वक्तव्यांनंतर पद सोडावं लागलं. काँग्रेसचंही वेगळं नाही. तिचे विदर्भातले नेते एक बोलत आणि मुंबईत पक्ष दुसरं. वसंतराव नाईक विदर्भातलेच, १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. मुख्यमंत्री आपला असला की अनुशेष आपोआप भरतो, हा समज तेव्हाही खरा ठरला नाही.

आता त्या पोराच्या ‘काय भेटते’ वर येतो.

त्याचा रस्ता जिथे अडतो, त्या मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चे अडवले जातात. अंगणवाडी सेविका, शिक्षक, धान उत्पादक, कुणीही. गडचिरोलीच्या माणसाला मुंबई गाठायची तर दोन दिवसांचा प्रवास आणि राहायचा खर्च. नागपूर त्याला परवडतं. वर्षातून एकदा सरकार चालत जाण्याच्या अंतरावर येतं, हे माझ्या मते या अधिवेशनाचं सगळ्यात मोठं मोल आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाज असाच आला होता. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद होती. मध्ये स्वल्पविराम हवा होता, आम्ही वेगळी जमात आहोत, असं त्यांचं म्हणणं. हजारो माणसं दिवसभर रस्त्यावर थांबली, निवेदन घ्यायला सरकारतर्फे मंत्री आला नाही. संध्याकाळी गर्दी बिथरली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं किती तरी. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पुढच्या वर्षी काँग्रेसची सत्ता गेली. २०१८ ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला.

म्हणून अधिवेशन किती दिवस चालतं हा मुद्दा मला आमदारांच्या हजेरीपुरता वाटत नाही. सहा दिवसांत आठशे किलोमीटरवरून आलेलं सरकार किती निवेदनं घेईल, किती शिष्टमंडळांना भेटेल? कालावधी कामकाज सल्लागार समितीत ठरतो आणि तिथे सगळ्या मोठ्या पक्षांचे लोक बसतात. तेव्हा ‘अधिवेशन वाढवा’ अशी सभागृहात घोषणा देणाऱ्या आपल्या आमदाराला विचारा, तुमच्या पक्षाने समितीत किती दिवस मागितले होते? आणि मित्रा, तू ज्या उड्डाणपुलावरून बर्डीला क्लासला जातोस ना, त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे.