बंडखोर कोण, हे ठरवलं कोणी?

सांगोला म्हटलं की डाळिंब आठवतं, हो ना? पण मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याकडे गेला तो याच गावात झालेल्या कराराने.

शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला वारले, गादीवर रामराजे आले. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव सांगोल्याच्या किल्ल्यात ठाण मांडून पेशव्यांविरुद्ध उभा राहिला. सदाशिवरावभाऊ रामराजांना घेऊन चालून आले, यमाजी नमला आणि सप्टेंबर 1750 मध्ये सांगोल्याचा करार झाला.

तेव्हापासून यमाजी 'बंडखोर'. पण असं म्हणतंय कोण? चला, माग काढू.

आधी बघायचं, लिहिलं कधी. ग्रँट डफचं पुस्तक 1826 चं. मल्हार रामराव चिटणीसांची बखरही एकोणिसाव्या शतकातलीच. दोन्हींत घटनेला साठ-सत्तर वर्षं उलटून गेलेली. म्हणजे ऐकीव किती आणि कागदावरचं किती, हे तपासायलाच हवं.

मग बघायचं, दप्तर कोणाचं. गो. स. सरदेसायांनी 1930 च्या दशकात पेशवे दप्तरातले निवडक कागद 45 खंडांत छापले. मोडी येत नसली तरी ते देवनागरीत वाचता येतात. पण दप्तर मुळात पेशव्यांचं! त्यात विरोधक बंडखोरच दिसणार. यमाजीच्या बाजूने बघा, तर तो आपल्या धन्याशी, प्रतिनिधींशी, इमानीच होता की!

शेवटी तारीख. जुन्या पत्रांत बऱ्याचदा चंद्र आणि महिना असतो, पण साल नसतं. ते संपादकाने अंदाजाने घातलेलं असतं. साल चुकलं, तर माणसाची बाजूच बदलते! साल असलं तर मात्र सोपं. 'इहिदे खमसैन मया व अलफ' म्हणजे एक, पन्नास, शंभर, हजार, झाले 1151. हे सुहूर सन. जून ते डिसेंबरमधल्या पत्राला त्यात 599 मिळवा, 1750 येतं. जमलं ना?

आता 'तुमचे पूर्वज फितूर होते' असा मेसेज ग्रुपवर आला, तर भांडू नका, फॉरवर्डही करू नका. तीनच प्रश्न विचारा: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणाच्या दप्तरात सापडलं? आणि 'आमचे पूर्वज इमानी होते' असं घरचे सांगतील, तेव्हाही हेच तीन विचारायचे बरं का!