युद्धाची बातमी गावापर्यंत कशी यायची

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवसारख्या गावात बातमी येण्याच्या वाटा मोजक्याच होत्या. पुण्याचे वर्तमानपत्र, मामलेदार कचेरीतून पाटील-तलाठ्यांकडे आलेला हुकूम आणि त्याची दवंडी, आणि आठवडे बाजारातली कुजबुज. पहिल्या दोन वाटांवर सरकारचा पहारा होता. तो कसा बसवला गेला, ते क्रमाने पाहू.

सुरुवात कायद्याने झाली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात भारत संरक्षण कायदा आला आणि युद्धकार्याला बाधक ठरेल असा मजकूर छापणे, पसरवणे हा गुन्हा झाला. बाधक काय, हे ठरवणार सरकारच.

पुढची पायरी संपादकांची. प्रत्येक ओळ तपासणे सरकारला झेपणारे नव्हते. म्हणून १९४० च्या अखेरीस दिल्लीत संपादकांशी समझोता झाला: संपादकांनी युद्धकार्यात अडथळा आणायचा नाही, सरकारने सरसकट पूर्वतपासणी लादायची नाही. शंकास्पद मजकुरावर सल्ला द्यायला वृत्तपत्र सल्लागार असत. त्यामुळे कात्री बऱ्याचदा संपादकाच्या टेबलावरच चाले आणि वाचकाला काय गाळले त्याचा पत्ताही लागत नसे.

नुसते गाळून भागत नाही. रिकाम्या जागी काही द्यावे लागते. १९४१ मध्ये माहिती आणि नभोवाणी खाते उभे राहिले. युद्धपट काढणाऱ्या सरकारी मंडळासाठी काही काळ खुद्द व्ही. शांताराम यांनी काम केले. १९४३ मध्ये तर प्रत्येक चित्रपटगृहाला खेळाबरोबर सरकारमान्य माहितीपट दाखवणे सक्तीचे झाले. तिकीट काढणारा प्रेक्षक आपल्या आवडीचा सिनेमा पाहायला येई आणि आघाडीची बातमी पाहून जाई.

तरीही तिसरी वाट, म्हणजे बाजारातली कुजबुज, सरकारच्या हाती आली नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, तेव्हा लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला गर्दी केली. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणे गुन्हा ठरवले आणि जुलैत एक रुपयाची नोट काढली. त्याच वर्षी रुपयातली चांदीही निम्म्यावर आणली. सरकार जिंकणारच, असे कागद सांगत होता; हातातले नाणे वेगळेच सांगत होते. लोकांनी नाण्यावर विश्वास ठेवला.

ऑगस्ट १९४२ मध्ये ही दरी उघड झाली. छोडो भारत आंदोलनाच्या बातम्यांवर कडक बंधने आली, तेव्हा अनेक पत्रांनी सरकारी चौकटीत छापण्यापेक्षा अंक बंद ठेवणे पसंत केले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चकवण्यासाठी जागा बदलत राहिलेला हा रेडिओ १२ नोव्हेंबरला पकडला गेला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. तिकडे बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ मराठीतही बोलत होता.

युद्धात सैन्याच्या हालचाली गुप्त ठेवाव्याच लागतात; ते कुणीही समजून घेईल. पण या यंत्रणेने सैनिकाचे रक्षण आणि राजवटीचे रक्षण एकाच नियमात बांधले. शत्रूला कळू नये म्हणून लपवलेली बातमी आणि स्वतःच्याच लोकांना कळू नये म्हणून लपवलेली बातमी वाचकाला वेगळी काढता येईना. मग खरी सरकारी बातमीही संशयाने ऐकली जाऊ लागली. प्रचार जिथे सर्वात जास्त हवा होता, तिथेच तो निकामी ठरला, आणि त्याचे कारण सरकारने स्वतःच निर्माण केले होते.