'अमिदा' प्रार्थनेचे नियम आणि कोकणातील पाऊस : बेने इस्राएल समाजाच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील धर्मजीवनाचा विचार करताना बेने इस्राएल या मराठीभाषक ज्यू समाजाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कोकणात तेलाचे घाणे चालविणारा हा समाज शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून त्यास 'शनिवार तेली' असे नाव पडले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. ज्यू उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या 'अमिदा' या प्रार्थनेचे नियम स्पष्ट करणे आणि ते कोकणच्या ऋतुमानात कसे लागू होतात हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विधीचे स्वरूप :
'अमिदा' म्हणजे उभ्याने करावयाची प्रार्थना. ती दररोज तीन वेळा म्हटली जाते. तिला 'अठरा' असे नाव असले तरी इतर दिवशी तिच्यात एकोणीस आशीर्वचने असतात, शब्बाथला सात. पहिली तीन स्तुतिपर, मधली तेरा याचनापर व शेवटची तीन कृतज्ञतापर होत. योसेफ कारो यांच्या सोळाव्या शतकातील 'शुल्हान आरूख' या ग्रंथात तिचे नियम संकलित झाले आहेत. उपासकाने पावले जुळवून, जेरुसलेमकडे मुख करून उभे राहावे. भारतात ही दिशा पश्चिमेची ठरते. ओठ हलावेत, परंतु शब्द केवळ स्वतःच्याच कानी पडावेत. पहिल्या आशीर्वचनाच्या व उपान्त्य आशीर्वचनाच्या आरंभी आणि अखेरीस, असे चारच वेळा वाकावे. शेवटी तीन पावले मागे सरावे.

तथापि बाह्य आचारापेक्षा चित्ताची एकाग्रता श्रेष्ठ मानली आहे. दिशा साधता येत नसेल, तर अंतःकरण तिकडे वळवावे, असे मिश्नाचे सांगणे आहे. ही प्रार्थना कोणत्याही भाषेत करण्यास मिश्नाची अनुमती आहे. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांचे मराठी भाषांतर केले, त्याचे महत्त्व या दृष्टीने लक्षात येते. अर्थ कळल्याखेरीज एकाग्रता कशी साधावी?

पावसाचा पेच :
नवव्या आशीर्वचनात पावसाची याचना असते. इस्राएलबाहेर ती डिसेंबरच्या आरंभापासून वल्हांडण सणापर्यंत केली जाते. कोकणात मात्र हे दिवस कोरडे असतात आणि पावसाची खरी निकड जूनमध्ये भासते. हिंगोलीसारख्या कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना ही निकड वेगळी सांगावयास नको. मग जूनमध्ये आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या उपासकाने काय करावे?

हा प्रश्न प्राचीन काळीच उपस्थित झाला होता. बॅबिलोनी तालमुदाच्या 'तानीत' या भागात निनवेच्या रहिवाशांची शंका नोंदविली आहे : आम्हांस उन्हाळ्यातही पाऊस हवा असतो, तो कोठे मागावा? रब्बी यहूदा यांनी निर्णय दिला की, अशांना व्यक्तींप्रमाणे मानावे; त्यांनी 'प्रार्थना ऐकणारा' या सोळाव्या आशीर्वचनात आपली याचना समाविष्ट करावी.

निष्कर्ष :
या निर्णयात धर्मशास्त्राची सूक्ष्म दृष्टी दिसते. सर्वांसाठी निश्चित झालेले शब्द व काल स्थानपरत्वे बदलत नाहीत. त्यामुळे दूरदूर विखुरलेला समाज एकसूत्री राहतो. परंतु स्थानिक गरजही नाकारली जात नाही. तिच्यासाठी त्याच प्रार्थनेत जागा राखली जाते. परंपरा व परिसर यांतून एकाची निवड करावीच लागते, ही समजूत म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे.